प्रार्थनेच्या यादीतली मुलगी

आमच्या चर्चच्या मंडळीत अनाथ मुलांबद्दल बोलायला सगळ्यांना फार आवडतं. बोलायला. नाताळ जवळ आला की दोन गाड्या भरून आम्ही कुठल्या तरी बालगृहात जायचो. केक, जुने स्वेटर, रंगीत पेन्सिली. मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहायची, दोन गीतं म्हणायची, आणि मग आमच्यातलं कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायचं. परत येताना गाडीत सगळे गप्प आणि समाधानी असायचे. मला त्या समाधानाचा लहानपणापासून राग होता. मोठी झाले तेव्हा तो राग छापायला शिकले, एवढाच फरक.

शिकवलं एका छोट्या गटानं. आम्ही पाच-सहा जण होतो. मुलांना संस्थेत नको, घरात वाढू द्या, एवढंच आमचं म्हणणं. पत्रकाचा साचा ठरलेला: पहिल्या ओळीत माणूस, दुसऱ्या ओळीत जखम, शेवटी मागणी. माझं पहिलं पत्रक होतं ‘केक नको, घर द्या’. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की मुलांचे फोटो छापू नका, त्यांच्या कहाण्या व्यासपीठावरून सांगू नका, ती मुलं म्हणजे देवानं काय केलं ते सांगणाऱ्या तुमच्या साक्षीचा मसाला नव्हे. पिरंगुटपासून पाषाणपर्यंत मंडळ्यांच्या दारात उभी राहून मी ते वाटलं. आमच्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते चष्मा काढून नीट वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

“छान लिहितेस गं,” ते म्हणाले. “तुझ्या घरी किती आणलीस?”

“अजून एकही नाही.”

“मग आधी एक आण. मग आम्हाला शिकव.”

आजूबाजूचे हसले. मी तणतणत भूगावला घरी आले आणि जेवताना सगळं सांगितलं. पप्पा लवळ्याच्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये असतात, दिवसभर पोरांना वाढून आलेले, ते खाली मान घालून जेवत राहिले. मम्मी पोळीवर तूप लावता लावता म्हणाली, “बरोबर बोलले ते.”

ती बालवाडीत शिकवते. फार न बोलता गोष्टी करून टाकते. पंधरा दिवसांनी तिनंच अर्ज आणला.

सरकारकडून आमचं घर बघायला एक अधिकारी ताई आल्या. त्यांनी बाथरूमची कडी लागते का इथपासून पप्पा चिडल्यावर काय करतात इथपर्यंत सगळं विचारलं. मग समोर बसवून सांगितलं, “लक्षात ठेवा, हे दत्तक नाही. याला फॉस्टर केअर म्हणतात. मूल तुमच्या घरी राहील, तुमचं होणार नाही. वर्षाच्या आत बालकल्याण समिती पुन्हा बघेल. तिचं नाव, तिचा धर्म, तिची माणसं, सगळं तिचं तिच्याकडेच राहील.” मी मान डोलावली. मला हे सगळं तोंडपाठ होतं, मी यावर पत्रक लिहिलेलं होतं.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात ती आली. आठ वर्षांची. धरणाच्या वरच्या बाजूला डोंगरातली एक वाडी, तिथली. आई वारलेली, बाप त्याच्या आधीच. आईचा सख्खा भाऊ होता, पण तो दिवाळीनंतर बायकोला घेऊन कोळशाच्या भट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडालाच परत यायचा. तिला बरोबर नेलं तर शाळा बुडायची, वाडीत ठेवलं तर सांभाळायला कुणी नाही. म्हणून समितीनं तिला आमच्याकडे दिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मामानं भेटायला यायचं, असं ठरलं.

तिच्या आईचं मरण कसं झालं, आणि आमच्याकडे आल्यावर सुरुवातीचे महिने तिला कशाचा त्रास व्हायचा, या दोन गोष्टी मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून झाल्या आहेत. त्याचीच ही हकीकत आहे.

ती मम्मीला ‘बाई’ म्हणायची, पप्पांना ‘काका’ आणि मला नुसतं ‘ए’. पहिल्याच पावसात आमच्या बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवरच्या ओढ्यातून तिनं सात खेकडे धरून आणले, मम्मीच्या पोळ्यांच्या डब्यात. मम्मी किंचाळली. पप्पांनी कालवण केलं आणि तिला कँटीनमध्ये नोकरी देऊ केली. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेली बघून तिनं एकदा विचारलं, “ए, तू नुसती कागदच छापतीस का कुटं कामाला बी जातीस?” त्या दिवसापासून पप्पा मला रोज हाच प्रश्न विचारू लागले.

चर्चला न्यायचं की नाही हे आम्ही मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, “यिऊ द्या की. गाणी चांगली म्हंत्यात तुमच्यात.” म्हणून ती यायची. आम्ही उपासनेत, ती संडे स्कूलमध्ये मागच्या खोलीत. तिला तिथे एक मैत्रीणही मिळाली होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मामा आला. चहाची बशी खाली ठेवली आणि सहज सांगावं तसं म्हणाला, “यंदा भट्टीवर जात न्हाई मी. हितंच काम भेटलंय, तुमच्याच भूगावच्या सायटीवर. बायकू बी येती. मंग पोर माज्याकडंच ऱ्हाईल म्हंतो. बगू.”

बघू. त्या एका शब्दावर आमच्या घराची झोप उडाली. मम्मी शाळेतून आल्यावर पोरीचं दप्तर लावायला बसायची आणि दोन-दोनदा तीच वही आत-बाहेर करायची. पप्पा त्या मुलीच्या ताटात जास्त वाढायला लागले, जणू पोटभर जेवली की ती जाणार नाही. समितीची तारीख नोव्हेंबरात होती. मामा ‘मी नेतो’ म्हणाला असता तर समितीनं का नाही म्हणावं? आमच्याच गटाची मागणी होती की मूल शक्यतो नात्यातच राहावं. मीच लिहिली होती ती ओळ. मला ती आता वाचवत नव्हती.

आणि मग मी ते केलं.

आमच्या मंडळीचा मोबाईलवर प्रार्थनेचा ग्रुप आहे. दर मंगळवारी पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या, धर्मगुरूंच्या पत्नी, विषय मागवतात, त्यांची यादी करतात, आणि विषय सुटेपर्यंत सगळे त्यासाठी प्रार्थना करतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची मुलाखत, कुणाच्या मुलाचं न जमणारं लग्न. विषय मोघम द्यायचा नाही, अशी पद्धत आहे. नाव द्यायचं, आजार द्यायचा, अडचण कोणामुळे आहे तेही द्यायचं. “प्रभूजवळ मोकळेपणानं मागा,” पाळकबाई म्हणतात. प्रभूजवळ मोकळेपणानं मागितलेलं एकशे चाळीस फोनवर वाजतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्रार्थना म्हटली की ती चुगली राहत नाही, बातमी राहत नाही. मी तरी काय वेगळी?

मंगळवारी दुपारी मी लिहायला बसले आणि हात सवयीनं चालला. पहिल्या ओळीत तिचं नाव आणि वाडी. दुसऱ्या ओळीत तिच्या आईचं ते, आणि तिचं ते. शेवटी मागणी: मामाचं मन प्रभूनं वळवावं आणि ती कायमची आमची व्हावी. एकदा वाचून बघितलं. चांगलं उतरलं होतं. मला आठवतंय, मी एक शब्द बदलून जास्त धारदार केला.

यादीत तिसरा क्रमांक मिळाला. पाच मिनिटांत जोडलेले हात, आमेन, आमेन, ‘डोळ्यांत पाणी आलं’. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी उपदेश चालू असताना मी बाहेर बघितलं तर ती पायऱ्यांवर बसलेली, चपला हातात. संडे स्कूल सुटायला अजून वेळ होता. मी उठून गेले.

“काय गं? कुणी मारलं?”

तिनं चपला पायात घातल्या. मागोमाग संडे स्कूलच्या शिक्षिका आल्या. चांगल्या बाई आहेत, मनापासून सांगते. त्यांनी कौतुकानं सांगितलं की आज मुलांनी यादीतले विषय वाटून घेतले होते आणि प्रत्येकानं एकेक विषय मोठ्यानं म्हटला. “इतकी सुंदर प्रार्थना केली तिच्या मैत्रिणीनं तिच्यासाठी. एकही गोष्ट विसरली नाही.”

एकही गोष्ट विसरली नाही. गोलात बसून, डोळे मिटून, हिच्याच हातात हात घालून त्या पोरीनं हिच्या आईचं सगळं सांगितलं, मग हिचं सांगितलं, मग मामाचं. कुणीतरी खुदकन हसलं म्हणे. कुठल्या भागावर हसलं तेही मला नंतर कळलं.

घरी जाताना रिक्षात ती मधे बसली होती.

“त्यान्ला कुनी सांगितलं?” तिनं विचारलं.

मम्मीला खरंच माहीत नव्हतं. ती प्रार्थनेचा ग्रुप वाचत नाही, तिला तेवढा वेळ नसतो. ती माझ्याकडे बघायला लागली.

“काय माहीत,” मी म्हणाले.

हे असं मी बोलले. पत्रकात कधीही खोटं छापलं नाही म्हणून मिरवणारी मी.

संध्याकाळी मम्मीनं माझा फोन मागितला. मी दिला. तिनं उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

“तू दारोदार कागद वाटत फिरलीस ना? त्यांच्या कहाण्या सांगू नका म्हणून?”

“ते लोकांसमोर सांगण्याबद्दल होतं, मम्मी. ही प्रार्थना होती.”

“आणि नाव कशाला घातलंस?”

“नावानं करायची असते ना.”

“देवाला नाव सांगावं लागतं का गं? रोज माझ्याशेजारी झोपते ती. त्याला दिसत नाही?” मग ती हळू आवाजात म्हणाली, “आणि मामाचं मन वळव म्हणे. त्यानं काय वाईट केलंय तुझं?”

मी मेसेज काढायला गेले. इतके दिवस झाल्यावर तो सगळ्यांच्या फोनवरून निघत नाही. पाळकांना फोन केला. त्यांना खरोखर वाईट वाटलं, पण ते गोंधळलेही. “थांबवायला सांगतो मी,” ते म्हणाले. “पण प्रार्थना मागे कशी घ्यायची? तशी पद्धत नाही आपल्याकडे.” त्यांनी ग्रुपवर लिहिलं, तिसऱ्या विषयाबद्दल कृपया कुणी बोलू नये. त्याबरोबर ज्यांनी वाचला नव्हता त्यांनीही वर जाऊन तिसरा विषय वाचला. दुसऱ्या दिवशी नेऱ्याहून एका अनोळखी बाईंचा फोन: “सलाम ताई, तुमच्या पोरीचा विषय आम्ही उपवास प्रार्थनेत घेतलाय हं. लई बायांना रडू आलं. मामा ऐकला का मग?”

मी त्या बाईंवर ओरडले. त्यांचा काय दोष होता? मला ओरडायला कुणीतरी हवं होतं, तेवढंच.

त्या पंधरा दिवसांत ती आमच्याशी बोलली नाही असं नाही. पाणी दे, वही संपली, चप्पल तुटली, एवढं बोलायची. पण खेकडे बंद, गाणं बंद, पप्पांच्या ताटातलं उचलणं बंद. सोमवारी शाळेत जाताना तिनं मम्मीला विचारलं, “हितल्या शाळंत बी सांगितलंय का?” मम्मीनं ‘नाही’ म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. आम्ही चर्चला गेलो नाही. मामा जिना चढून आला, नेहमीसारखा घामाघूम, आणि नेहमीप्रमाणे तिला घेऊन खाली प्लॉटच्या कडेला जाऊन बसला. मी खिडकीतून बघत होते. ती बोलत होती. बराच वेळ. तो बोटानं मातीत रेघा ओढत होता, मग थांबला.

वर आला तेव्हा उंबऱ्याच्या आत आला नाही. मम्मी चहा घेऊन उभी.

“नको बाई. आज नको.”

“दादा, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी लिहिलं ते. तुमच्याबद्दल मला तसं...”

“मला वाचता येत न्हाई,” तो म्हणाला. “पोरीनं तोंडपाठ सांगितलं सगळं. माजं मन वळवाया देवाला सांगितलं तुमी. व्हय ना?”

“हो.”

“किती मानसान्ला सांगितलं?”

मी आकडा सांगितला नाही. मला तो नीट माहीतही नव्हता.

“माज्या बहिनीचं कसं झालं त्ये आमच्या वाडीत बी समद्यान्ला ठावं न्हाई. आमी बोलत न्हाई त्ये. तुमच्या चर्चात बारकी पोरं बोलत्यात.” त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं अवघड झालं. “मी काय भूत हाय का? म्हैन्याच्या म्हैन्याला हितं बसून चा पितोय. मला इचारायचं. दादा, पोर ऱ्हाऊ द्या आमच्याकडं, म्हनायचं. मी काय खातो का तुमाला? तुमी देवाकडं मागितली. माज्याकडं न्हाई मागितली.”

मम्मी अजून कप घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला.

“मी त्या म्याडमला सांगनार,” तो म्हणाला. “लपवून न्हाई, तुमच्या म्होरं सांगतो.”

“सांगा,” मम्मी म्हणाली. “सांगायलाच हवं.”

त्याच्याआधी मम्मीनंच अधिकारी ताईंना फोन केला. मी केला पाहिजे होता. मी दोनदा फोन हातात घेतला आणि काय वाक्य बोलायचं ते जुळवत बसले. समितीची तारीख तीच राहिली, फक्त कागदावर कारण वाढलं. ताईंनी साफ सांगितलं की मुलीला आमच्याकडून काढून मामाकडे देणं, दुसऱ्या घरी देणं किंवा संस्थेत ठेवणं, यातलं काहीही होऊ शकतं. संस्थेत. मी ज्या रांगांच्या विरुद्ध एवढं छापलं त्या रांगेत ती उभी राहणार आणि तिला तिथे पोचवणारी मी, या विचारानं मला जेवण जाईना. पाळक म्हणाले, मी येतो समितीपुढे, तुमचं कुटुंब कसं आहे ते सांगतो. मम्मीनं हात जोडले. “नको. आपण पुष्कळ बोललोय.”

समितीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. एका टोकाला आम्ही तिघं, दुसऱ्या टोकाला मामा आणि त्याची बायको, मधे ती. ती कुणाच्याही बाजूला सरकून बसली नव्हती.

आत बोलावलं. मी रात्रभर तयारी केलेली होती: हेतू चांगला होता, ग्रुप मर्यादित होता, नियमाची माहिती असूनही भावनेच्या भरात. समोर तीन जण होते. मधल्या बाईंच्या हातात माझं ‘केक नको, घर द्या’ होतं. ताईंच्या फाईलमधूनच आलं असणार.

“हे तुम्हीच लिहिलंय?”

“हो.”

“आणि तो मेसेजही?”

“हो.”

“दोन्ही एकाच माणसानं लिहिलेत असं वाटत नाही.”

“वाटायला पाहिजे,” मी म्हणाले. “पद्धत एकच आहे.” हे मी ठरवून आले नव्हते. तयारी केलेलं सगळं तिथेच राहिलं. मग मी एवढंच सांगितलं की मुलीनं विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले. मम्मीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रिक्षातल्या त्या ‘काय माहीत’बद्दल आम्ही घरी कधी बोललो नव्हतो.

मामाला विचारलं, काय म्हणणं आहे. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “शाळंत जाती ती हितून. वाचाया लागली. सायटीवरचं काम कवा संपंल, काय भरवसा न्हाई. ह्ये साल ऱ्हाऊ द्या.” मग आमच्याकडे न बघता, “बाई बरी हाय ती. ह्या पोरीचं मला म्हाईत न्हाई.” ती पोर म्हणजे मी.

शेवटी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी तिला एकटीला आत बसवलं. दार बंद. पप्पा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मामाची बायको पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत होती. वीस मिनिटं असतील. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर रडल्याची खूण नव्हती, हसल्याचीही नाही.

हुकूम वाचून दाखवला. शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती आमच्याकडे. मामा महिन्यातून दोनदा येणार, आणि नाताळची सुट्टी ती वाडीत काढणार. तिच्याबद्दल कोणत्याही सभेत, ग्रुपवर, उपासनेत काही सांगायचं नाही, यावर आम्ही तिघांनी सह्या केल्या. एप्रिलमध्ये पुन्हा यायचं. तेव्हा मामाचं आणि मुलीचं ऐकून पुढचं ठरेल. आमचं ऐकून, असं त्यात कुठे नव्हतं.

परत येताना बसमध्ये गर्दी होती. मम्मी-पप्पांना पुढे जागा मिळाली, मला आणि तिला मागे. चांदणी चौक गेला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला एकच गोष्ट कळायला हवी होती: आत तिनं काय सांगितलं? आमच्याकडे राहायचंय म्हणाली की कुठंही चालेल म्हणाली? एप्रिलपर्यंतचे पाच महिने हे न कळता कसे काढायचे? तिनं सांगितलं तर मम्मीला सांगता येईल, पप्पा जेवतील, मला झोप येईल.

“काय विचारलं गं त्यांनी?” मी म्हणाले.

“लई इचारलं.”

“मग तू काय सांगितलंस?”

तिनं माझ्याकडे नीट, सावकाश बघितलं.

“तुला न्हाई सांगनार.”

“बरं,” मी म्हणाले. पुढचा प्रश्न जिभेवर आला होता, तो तसाच ठेवला. भूगावचा थांबा आला तसे आम्ही उतरलो. ती मम्मीचा हात धरून पुढे चालायला लागली आणि मी मागून, दोघींच्या चार पावलं मागे.